शंभर टक्के खात्रीचा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



पाळणा लांबवण्यासाठी सल्ला घ्यायला येणारी जोडपी बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘डॉक्टर, हे शंभर टक्के ना?’ हो म्हटले तर ते खोटे ठरते. नाही म्हटले तर माणसे म्हणतात, मग वापरायचे तरी कशाला? म्हणून आधी एक आकडा सांगते. काहीच साधन न वापरणारी शंभर जोडपी घेतली, तर वर्षभरात त्यातल्या सुमारे ८५ बायकांना दिवस जातात. कोणतेही साधन किती चांगले, हे या पंच्याऐंशीशी ताडून पाहायचे असते.

आता गंमत अशी, की प्रत्येक साधनाला असे दोन आकडे असतात. एक, सांगितल्याबरहुकूम वापरले तर. आणि दुसरा, माणसे संसाराच्या धबडग्यात जसे वापरतात तसे. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या पाहण्यांमधले आहेत, पण अनुभव आपल्याकडचाही तोच. रोजची गोळी न चुकता घेतली तर वर्षभरात हजारात तीन बायकांना दिवस जातात. प्रत्यक्षात मात्र शंभरात सात जणींना. निरोधच्या बाबतीत शंभरात दोन आणि शंभरात तेरा. दोष साधनाचा फार थोडा आहे. बाकीचे सारे या दोन आकड्यांमधल्या फटीत घडते.

काय घडते? नवरा कामासाठी परगावी गेला की बायको गोळी बंद करते आणि तो आला की सुरू करते. डोकेदुखीच्या गोळीसारखी ही गोळी तेवढ्यापुरती लागू पडत नाही. ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या. त्या टाकून दिल्या म्हणून दिवस जात नाहीत, पण नवे पाकीट सुरू करायची तारीख हुकते, आणि तिथेच घोटाळा होतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना ठाऊक असते. क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या रिफाम्पिसिन या औषधाने गोळीचा परिणाम कमी होतो. क्षयाचे उपचार चालू असतील तर दुसरे साधन विचारून घ्यावे. ज्यांना रक्तदाब आहे, ज्यांचे बाळ सहा महिन्यांच्या आतले आणि अंगावर पिणारे आहे, त्यांनीही ही गोळी मनाने सुरू करू नये.

निरोधचेही तसेच. सरकारने १९६८ साली आणलेल्या मालाचे हे नाव. आज आपण सगळ्यांनाच निरोध म्हणतो. त्याला खोबरेल तेल लावले तर रबर कमकुवत होऊन फाटते. घरोघरी हाताशी असते ते खोबरेल, म्हणून हे मुद्दाम सांगते. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या एचआयव्हीसारख्या आजारांपासून संरक्षण देणारे साधन मात्र यांत तेवढे एकच. नुसता संयम, म्हणजे ऐन वेळी बाजूला होणे, याच्या भरवशावर राहणाऱ्या शंभरांत वर्षाला सुमारे वीस जणींना दिवस जातात.

आणि हे सारे एका वर्षाचे आकडे आहेत. शंभरात तेरा हा धोका दर वर्षी तसाच राहिला असे धरले, तर पाच वर्षांत निम्म्या जोडप्यांचा हिशेब चुकतो. दोन मुलांत चार-पाच वर्षांचे अंतर हवे असेल तर लक्षात ठेवावे न लागणारे साधन बरे. तांबी बसवली की ३८०-ए हा प्रकार दहा वर्षे चालतो आणि पहिल्या वर्षी शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. ती काळजात जाते, ही भीती निराधार आहे. क्वचित ती पडून जाते किंवा सरकते, म्हणून अधूनमधून धागा चाचपून पाहावा. सुरुवातीला पाळीत रक्त जास्त जाते, हे खरे. ‘अंतरा’चे इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचे, त्यात पाळी अनियमित होते, कधी बंदही होते. दिवस गेले, असे वाटून बायका घाबरतात आणि पुढची तारीख चुकवतात.

आता ऑपरेशनकडे वळू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले होते. पुरुष नसबंदीवर विसंबलेली जोडपी होती ०.३ टक्के. पुरुषाचे ऑपरेशन सोपे, बिनटाक्याचे, पोट न उघडता होणारे. तरीही हा आकडा! १९७६ च्या सक्तीची दहशत यामागे आहेच. त्या मोहिमेच्या वर्षभरात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. पण त्याला आता पन्नास वर्षे होत आली. सगळे खापर त्यावर फोडता येणार नाही. ‘अशक्तपणा येतो’ हे सांगताना पुरुषाला जी भीती वाटते, ती बायकोचे पोट उघडताना कुठे जाते?

या ऑपरेशनबद्दलची एक गोष्ट न ऐकल्यामुळे घरे मोडायची वेळ येते. नस बांधली तरी पुढच्या नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची. बरेच जण दोन्ही करत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बायकोची पाळी चुकते, आणि घरात प्रश्न उठतो : याचे ऑपरेशन झालेले, मग हे कोणाचे? ती बिचारी शपथा घेत बसते. तपासणी स्वच्छ आल्यानंतरही साधारण दोन हजारांत एकाची नळी पुन्हा जुळते. तेव्हा बायकोला जाब विचारण्याआधी नवऱ्याने वीर्य तपासून घ्यावे. स्त्रियांच्या ऑपरेशननंतरही दोनशेत एखादीला पहिल्याच वर्षी दिवस जातात. ते गर्भाशयाबाहेर, नळीत असण्याची भीती असते. पाळी चुकून पोटात दुखू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

निरोध फाटला, गोळ्या राहिल्या, तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मिळते. जितकी लवकर, तितकी परिणामकारक. ती दर महिन्याची सवय मात्र नव्हे. आणि साधन फसून दिवस गेलेच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा विवाहित-अविवाहित असा भेद न करता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपाताची मुभा देतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. कोणी मागितली, तर तसे स्पष्ट सांगावे आणि मान्यताप्राप्त केंद्रातच जावे.