पान उलटून पाहताना



बाईंच्या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले, तेव्हा मी संतवाङ्मयावर बोलेन अशीच आपली अपेक्षा असणार, हे मी जाणून होते. आयुष्यभर तोच विषय शिकवला, प्रबंधही त्यावरच लिहिला. परंतु बाई विज्ञान शिकवीत असत आणि त्यांच्या वर्गातली मी काही हुशार विद्यार्थिनी नव्हते. तेव्हा उशिरा का होईना, त्यांच्याच विषयाचा गृहपाठ आज सादर करते. तो आहे गोत्रीच्या माझ्या घरामागील लहानशा बागेचा.

आम्ही तेथे राहावयास गेलो त्या वेळी गोत्री हे वडोदऱ्याच्या पश्चिमेचे खेडेच होते. आज ते शहरात पुरते मिसळून गेले आहे. माझ्या बागेत कढीपत्त्याची दोन झाडे, एक कागदी लिंबू, कण्हेर, बहावा आणि कुंपणालगत रुई आहे. रुई मी मुद्दाम राखली, ह्याचे शेजाऱ्यांना नवल वाटते. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी मात्र ते तिचीच फुले मागावयास येतात! फुलपाखरांसाठी बाग करावयाची म्हणजे फुले लावावयाची, असा सर्वसाधारण समज असतो. फुलावर फुलपाखरू केवळ पाहुणे म्हणून येते. बाळंतपणाला मात्र त्याला ठरावीक झाडाचे पानच लागते. लिंबाचे फुलपाखरू लिंबू व कढीपत्त्याच्या पानांवर अंडी घालते, ‘प्लेन टायगर’ रुईवर, ‘कॉमन क्रो’ कण्हेरीवर, पिवळसर ‘एमिग्रंट’ बहाव्यावर. अंड्यातून निघालेली अळी तीच पाने खाते. आमच्या शेजारच्या बेन ज्याला ‘ईयळ’ म्हणून झटकून टाकतात, तेच पुढे त्यांच्या नातवाला कौतुकाने दाखवावयाचे फुलपाखरू असते. कीड आणि पाहुणा हे एकाच जिवाचे दोन आश्रम आहेत, आणि अशा बागेची सारी अडचण येथूनच सुरू होते.

पूर्वी ह्या अडचणीतून वर्षाकाठी थोडी सुटका मिळे. वडोदऱ्याला हिमवृष्टी होत नाही, थंडीने किडे मरतही नाहीत. पण पौषातल्या गार रात्री त्यांची वाढ मंद करीत आणि बागेला उसंत मिळे. आता उत्तरायणाला गच्चीवर स्वेटर लागेलच असे सांगवत नाही. फेब्रुवारी २०२३ हा देशभरातील सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. अशा उबदार हिवाळ्यात माव्याचे फावते. माव्याच्या मादीला नराची गरज नसते. ती थेट पिलेच प्रसवते, आणि हवा मानवली की आठवड्याभरात ती पिलेही माता होतात. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी ह्यांच्या पिढ्याही एकीवर एक चढत जातात. मावा खाणारे ढालकिडे येतात, नाही असे नाही. पण पंगत मांडल्यावरच जेवणारे यावेत, तसे ते काही दिवस मागाहून येतात. माणसाचा धीर सुटतो तो नेमका ह्याच दिवसांत.

माझाही सुटला. त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत कढीपत्त्याचे कोवळे शेंडे माव्याने भरून गेले. त्याच्या चिकट स्रावाने पानांवर काळी बुरशी चढली, मुंग्यांची ये-जा सुरू झाली. रासायनिक औषध मी बागेत आणीत नाही, ह्याचा मला थोडा अभिमानही होता. म्हणून निंबोळीचा अर्क करून दोन्ही झाडांवर सढळ हाताने फवारला. कडुनिंब म्हणजे आपले घरचेच औषध. त्याने कुणाचे काय वाईट व्हावयाचे? चार दिवसांनी पान उलटून पाहिले, तर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या अर्धवट कात टाकलेल्या अवस्थेत, जुन्या कातड्यातच अडकून वाळल्या होत्या. मी त्या मोजल्या. १४ होत्या. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकाच्या कात टाकण्याच्या क्रियेतच बिघाड करते, आणि ती अळी कोणाची हे त्याला ओळखता येत नाही. हे पुस्तकातून मला आधी कळू शकले असते. मावा मात्र पंधरवड्यात परत आला.

त्या दिवशी मला बाईंची बरणी आठवली. सहावीत त्यांनी शाळेच्या लिंबावरची एक अळी बरणीत ठेवून वर्गात आणली होती. अळीचा कोष झाला. फुलपाखराची वाट पाहता पाहता एके सकाळी कोषाला बारीक छिद्र पडलेले दिसले आणि बरणीत इवल्या माशांसारखे कित्येक किडे फिरत होते. आम्ही मुली रडकुंडीस आलो. बाईंनी समजूत घातली नाही. फळ्यावर तारीख घातली आणि म्हणाल्या, “काय निघायला हवं होतं ते लिहू नका. काय निघालं ते लिहा.”

पुढे कीटक-भृंग न्याय शिकवताना ही बरणी माझ्या मनात का आली नाही, ह्याचे आज आश्चर्य वाटते. भृंग अळीला घरट्यात कोंडते, अळी भयाने अखंड त्याचेच ध्यान करते आणि अखेरीस स्वतःच भृंग होते. भक्त देवरूप होतो, त्याचा हा दृष्टांत. माझ्या ओसरीवर कुंभारीण माशी मातीचे मडके घडवते. आत ती एक अंडे घालते, नांगीने बधिर केलेल्या अळ्या त्यात भरते व तोंड लिंपते. अंड्यातून निघालेले तिचे पिलू त्या अळ्यांवर वाढते आणि एक दिवस मडके फोडून कुंभारीणच बाहेर पडते. आत गेली अळी, निघाले भृंग: जुन्या माणसांचे पाहणे अचूक होते, अर्थ त्यांनी भक्तीचा लावला. दृष्टांत म्हणून तो मला आजही तितकाच प्रिय आहे. पण बागेपुरते सांगावयाचे, तर ह्या गांधीलवर्गीय कीटकांसारखा राखणदार नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळला आणि दक्षिणेतील बागांची त्याने दैना केली. तेव्हा २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अशाच एका परोपजीवी माशीने त्याला आवर घातला. त्यांतले काही माझ्या फुलपाखरांच्याही अळ्या नेतात. नेवोत. तो व्यवहार त्यांचा आहे. सरसकट फवारा मारणारा हात माझा होता.

आता मी काय करते? प्रथम पान उलटते. माव्यात फुगलेले, भुरकट, गोल छिद्राचे देह दिसले, तर परोपजीवी माशी कामाला लागली असे समजून आठ दिवस थांबते. एरवी सकाळी पाण्याची जोरकस धार, तीही अळी-अंडे नसलेल्या फांदीवरच. रुईवर पिवळा मावा आणि ‘टायगर’ची पट्टेरी अळी एकाच पानावर नांदतात, तेथे साबणाचे पाणीही चालत नाही, बोटानेच मावा पुसावा लागतो. पिठ्या ढेकणाला स्पिरिटचा बोळा. मुंग्या माव्याची राखण करतात, म्हणून त्यांची वाट खोडावरच अडवते. आणि युरिया बंद; त्याने येणारी लुसलुशीत पालवी म्हणजे माव्याला धाडलेले आवतणच. कढीपत्त्याचे एक झाड स्वयंपाकघराचे, दुसरे अळ्यांचे, अशी वाटणी केली आहे. दुसरे झाड फाल्गुनात अगदी बोडके दिसते, पाहुणे हळहळतात. चैत्रापर्यंत ते पुन्हा फुटते.

सभागृहाच्या दाराशी कढीपत्त्याची काही रोपे ठेवली आहेत. ज्यांना हवी त्यांनी अवश्य न्यावीत. काहींच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. तो पुसू नये; ती कोवळी अळी आहे.