दिव्यांग बालकांचे शिक्षण आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध व बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून बोलतो. मी गिरणी कामगार माणूस, शाळा अर्धवट सुटलेली. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या भाच्याचा मुलगा सहा वर्षांचा आहे. बोलायला उशिरा लागला, अक्षर ध्यानात राहायला वेळ लागतो. त्याला पहिलीत घालायला आम्ही एका खासगी शाळेत गेलो. बाईंनी त्याला चार रंग विचारले आणि म्हणाल्या, "आमच्याकडे स्पेशल टीचर नाही. ह्याला इथं त्रास होईल." आम्ही चक्क आभार मानून बाहेर पडलो! त्याची मला आजही लाज वाटते.

कारण कायदा मी नंतर वाचला. पुस्तिका तीनदा वाचावी लागली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायलाच बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड. अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मूल वंचित गटात आलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर सांगतो की, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती कोणाची? मुलाची, शाळेची नव्हे. आणि शिक्षक नाही म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजीच सांगितलं आहे : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढे पंधरांमागे एक. शिक्षक नसेल तर तो आणावा. मूल घरी कशाला बसवायचं?

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, हे आपण दर १४ एप्रिलला सांगतो. पण बंधूंनो, गेल्या पौर्णिमेला इथं वंदना चालू असताना हाच मुलगा मोठ्याने ओरडला. कोणीतरी म्हणालं, "गो, ह्येका जरा भायर घेवन जा." त्याची आई वंदना संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून होती. मीही गप्प राहिलो. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी अशा मुलांबद्दल "मागच्या जन्माचं" हे बोलणं आपल्या घरांतून अजून ऐकू येतं.

आता कामाचं. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकाराचं कारण लिहून मागा. ओरोसला सरकारी रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. शाळा ऐकत नसेल तर ओरोसलाच जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी आहेत, त्यांच्यावर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. एसटीचं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते, हे मला माहीत आहे. म्हणून दोघातिघांनी मिळून जावं.

आमचा अर्ज गेला आहे, उत्तर यायचं आहे. दर रविवारी वंदनेनंतर मी कोरे कागद घेऊन विहारात बसणार. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी त्याला घेऊनच यावं, आणि वंदनेलाही आत बसवावं. ओरडलं तरी चालेल.

जयभीम! नमो बुद्धाय!