लेकरांना थकवा कसा समजवायचा?
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत आरोग्य सखीने केलेले भाषण)

ताईंनो, हप्त्यांचं, व्याजाचं बोलून झालं. आता दहा मिनिटं दुसरं बोलू.

सध्या सोयाबीनची सोंगणी चालू आहे. दिवसभर वाकून काम करायचं, घरी येऊन चूल पेटवायची. तेवढ्यात लेकरू काहीतरी विचारतं अन् आपण खेकसतो. त्याला वाटतं, आई माझ्यावर रागावली. राग काय अन् थकवा काय, आईचं तोंड त्याला सारखंच दिसतं. म्हणून तोंडाने सांगायचं, "मी तुझ्यावर चिडले नाही रे, माझं अंग दमलंय. चहा होईस्तोवर बसू दे, मग तुझं ऐकते." अन् मग खरंच ऐकायचं, नाहीतर पुढच्या वेळी त्याला ते पटणार नाही.

लहानग्यांना बैलाचं उदाहरण लवकर कळतं. औत सोडलं की बैलाला पाणी पाजतात, वैरण टाकतात, बसू देतात. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. (आपल्याला म्हणतात, ते जाऊ द्या.)

मोठ्या मुलामुलींना मात्र थकव्याचे दोन प्रकार सांगा. कामाचा थकवा जेवून, रात्रभर झोपून उतरतो. दुसरा झोपूनही उतरत नाही. चढावर दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, अभ्यासात मन लागत नाही. अशा वेळी बऱ्याचदा अंगात रक्त कमी असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवतं, तेच कमी पडलं तर हातपाय चालणार कसे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे पाळी सुरू झालेली पोरगी 'नुसती लोळते' म्हणण्याआधी तिचं रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो आळस नाही, उपचाराची गरज आहे.

शाळेतली आठवड्याची निळी गोळी पुष्कळ पोरी दप्तरातच ठेवतात. संडास काळी होते म्हणून घाबरतात. ते गोळीतल्या लोहामुळे होतं, हे आधीच सांगून ठेवा. गोळी जेवणानंतर घ्यायची, वरून लगेच चहा नको. लिंबू चालतं.

पुढच्या बैठकीला उपकेंद्राच्या सिस्टर रक्त तपासायला येणार आहेत. पोरींना घेऊन या, अन् स्वतःचंही बोट पुढे करा.