वाऱ्यावरची चिलटं आणि आपला गोठा

उत्तन, राई, मुर्धे आणि खाडीपलीकडच्या गावांतून ऐकणाऱ्या सगळ्या बचत गटांच्या ताईंनो, आज बोलू या माश्या, डास, चिलटं आणि गोचिडांमधून पसरणाऱ्या जनावरांच्या रोगांबद्दल.

मेंढ्यांची जीभ निळी पाडणारा नीलजिव्हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ साली, महाराष्ट्रातच. हा उष्ण भागातला रोग, थंड मुलखात टिकणार नाही, असं युरोपात वाटायचं. पण ऑगस्ट २००६ मध्ये तो नेदरलँड्समध्ये पोचला आणि थंडी सरल्यावर पुढच्या वर्षी परत आला. याचे विषाणू चिलटाच्या पोटात वाढतात आणि त्या वाढीला ऊब लागते. साधारण बारा अंशांखाली ती जवळजवळ थांबते. म्हणून शास्त्रज्ञ तापमान, वारा आणि जनावरांची ने-आण यांचं गणित मांडून रोग कधी, कुठे जाईल याचा अंदाज बांधतात. २००७ मध्ये चिलटं वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली. २००८ मध्ये तिथे लस टोचली आणि प्रसार थांबला.

आपला लम्पी मात्र वेगळा. त्याचे विषाणू माशीच्या तोंडाला नुसते चिकटतात, एका गाईला चावून ती दुसरीला चावली की झालं काम. त्यामुळे थंडी पडली म्हणून निर्धास्त राहू नका. माशी फार लांब उडत नाही, पण आजारी गाय टेम्पोतून एका दिवसात दुसऱ्या जिल्ह्यात जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात लम्पी दिसला आणि मग राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद केले ते याचसाठी. त्या वेळी गाय दगावल्यास ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरली. पण तेवढ्यात चांगली दुभती गाय येत नाही, हे कर्ज काढून गाय घेतलेल्या बाईला सांगायला नको.

तेव्हा आपलं गणित आपणच मांडू या. पाऊस आला की माश्या वाढतात आणि लशीचा जोर यायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे लस पावसाआधीच टोचून घ्यायची. उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवा, पाणी साचू देऊ नका, गोचीड काढा, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा. नवीन जनावर आणलं तर काही आठवडे वेगळं बांधा. ताप आला, अंगावर गाठी दिसल्या, तर लगेच वेगळं करा आणि १९६२ वर फोन लावा. लम्पी माणसाला होत नाही, त्यामुळे दूध उकळून प्यायला हरकत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: कोणाच्या गाईची लस राहिली आहे? एका गोठ्यातली राहिलेली लस शेजारच्या गोठ्यालाही महागात पडते.