आरोग्य मंत्रालय आणि चाकणचा कामगार



1954 साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिनपाठोपाठ क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनही तेथे तयार होऊ लागले. औषधांचा कारखाना म्हणजे आरोग्य खात्याचा, असा समज सहज होतो. परंतु तो आज रसायन व खते मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. कामगार राज्य विमा योजना श्रम मंत्रालयाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तर पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महानगरपालिकेकडे आहे. मग दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडे उरते तरी काय?

राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय राज्यसूचीत ठेवले. औषधे आणि एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारे संसर्गजन्य रोग मात्र समवर्ती सूचीत आहेत. औषधांचे दर्जे ठरविणे, राष्ट्रीय कार्यक्रम आखणे, त्यांसाठी निधी देणे व संशोधन चालविणे ही केंद्राची कामे. भोसरीत 1992 साली सुरू झालेली एड्स संशोधन संस्था ही याच व्यवस्थेतील.

या जबाबदारीचा खरा कस चाकण परिसरात लागतो. परप्रांतातून आलेल्या कंत्राटी कामगाराला क्षय जडला, तर औषध किमान सहा महिने घ्यावे लागते. तिसऱ्या महिन्यात कंत्राट संपते आणि तो गावी निघतो. बरे वाटू लागलेलेच असते; गोळ्या सुटतात. अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो. अशा रुग्णाचा माग एकटे महाराष्ट्र शासन परराज्यात कसा घेणार? म्हणूनच ‘निक्षय’ ही देशभराची एकच नोंदणी आहे. तीतून रुग्णाचे उपचार त्याच्या गावाजवळील केंद्राकडे वर्ग करता येतात. 2018 पासून दरमहा 500 रुपये पोषण साहाय्य सुरू झाले. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 रुपये झाले. बुडालेल्या रोजाची भरपाई त्यातून होत नाही, हेही खरे.

मात्र नोंदच झाली नाही, तर दिल्लीची सारी यंत्रणा निरुपयोगी ठरते. खाजगी डॉक्टरांवर क्षयरुग्ण कळविण्याचे बंधन 2012 पासून आहे. चाळीतल्या कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, हे घरमालकाला व ग्रामपंचायत सदस्याला आधी कळते. त्याला तपासणीस पाठवावे. आणि तो गाव सोडणार असल्यास, निघण्यापूर्वी उपचार वर्ग करून घेण्यास सांगावे.