वंशावळ, भेंडी आणि गणकयंत्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात परभणी येथे दिलेले व्याख्यान)



वंशावळीचा विषय निघाला की आपल्या सभेतील झोपाळू श्रोताही सावध होऊन बसतो, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहो. कोणाच्या घरी भाटाच्या वहीची नक्कल जपून ठेवलेली असते; कोणी त्र्यंबकेश्वरी जाऊन तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांचे नाव शोधून येतो. अलीकडे तरुण मंडळी लाळेचा नमुना नळीत घालून टपालाने पाठवितात आणि आपले मूळ कोठले याची टक्केवारी छापलेला कागद मागवितात. हा कागद कोणत्या विद्येच्या जोरावर तयार होतो, तीच विद्या आपल्या जिल्ह्यातील भेंडीच्या शेतात काय दाखवून देते आणि आपल्या ज्ञातीशी तिचा काय संबंध पोहोचतो, एवढेच आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

ही विद्या नवी असली तरी तिची युक्ती जुनी आहे. गंगाखेडच्या संत जनाबाईंचे अभंग आपल्याकडे घरोघर म्हटले जातात. असे अभंग बाडांत उतरवून घेताना प्रत्येक लेखकाच्या हातून काही ना काही चूक होते. पुढे जो त्या बाडावरून नक्कल करतो तो जुनी चूक तशीच घेतो आणि स्वतःची एक भर घालतो. आता दोन बाडांत एकाच जागी एकच विलक्षण चूक आढळली, तर ती दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरली असली पाहिजेत. शुद्ध पाठ दोहोंत सारखा आहे, एवढ्यावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. तो सर्वांच्याच मुळाशी होता. नाते सांगते ती समान चूक. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहा. तेथेही समान पाठ व समान प्रक्षेप ताडून हस्तलिखितांच्या शाखा लावण्यात आल्या.

सजीवाच्या पेशीतही असेच एक बाड असते. त्याची लिपी चारच अक्षरांची: अ‍ॅडिनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. माणसाच्या एका संचात ही अक्षरे सुमारे ३०० कोटी भरतात. भेंडीच्या ज्या विषाणूची गोष्ट पुढे येणार आहे त्याच्यात ती अवघी २,७०० च्या आसपास आहेत. पिढी दर पिढी नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच.

दोन जीवांची अक्षरमाला ताडून पाहायची तर त्या एकाखाली एक अचूक मांडाव्या लागतात. मध्येच एक अक्षर गळाले असेल तर पुढची सारी ओळ सरकते, म्हणून योग्य जागी रिकामे घर सोडावे लागते. ते कोठे सोडावे? अक्षर जुळले तर गुण द्यावा, न जुळले तर कापावा, घर रिकामे सोडले तर आणखी कापावा, आणि ज्या मांडणीस सर्वांत जास्त गुण पडतील ती घ्यावी. शक्य मांडण्या अगणित असतात. नीडलमन व वुन्श या दोघांनी १९७० साली दाखविले की एक माला आडवी व दुसरी उभी लिहून कोष्टक आखले, तर प्रत्येक घराचा आकडा शेजारच्या तीन घरांवरून काढता येतो. लहान हिशेब आधी, मोठा त्यावरून. आपले जुने कारकून व्याजाचे कोष्टक भरीत, त्यातलाच हा प्रकार.

मांडणी झाली की वृक्ष काढायचा, आणि येथेच मनुष्याची बुद्धी थकते. एका मुळापासून निघालेल्या तीन जीवांचे नाते तीन प्रकारे काढता येते. चारांचे १५ प्रकारे, पाचांचे १०५ प्रकारे. दहा जीव घेतले की ही संख्या ३,४४,५९,४२५ होते. पन्नास घेतले तर गणकयंत्रासही सारे वृक्ष तपासणे शक्य नाही. म्हणून जवळच्या वाटा शोधाव्या लागल्या. साइतौ व नेई यांनी १९८७ साली, सर्व जोड्यांमधील अंतरे घेऊन शेजारी ठरतील ते दोन दोन जोडत जाण्याची रीत दिली. फेल्सेनस्टाइन यांनी त्यापूर्वी, १९८१ साली, वेगळा प्रश्न व्यवहार्य करून दिला: अमुक वृक्ष खरा मानला तर समोर आहेत तशाच अक्षरमाला निर्माण होण्याचा संभव किती? त्यांनीच १९८५ साली एक कसोटीही सुचविली. कोष्टकातील उभे स्तंभ चिठ्ठ्या टाकून पुन्हा पुन्हा उचलावे, हजार वेळा वृक्ष काढावा आणि एखादी फांदी किती वेळा पुन्हा निघते ते मोजावे. असा काही आधार न देता कोणी नुसता वृक्ष दाखविला तर तो भाटाच्या वहीपेक्षा अधिक विश्वसनीय मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता भेंडीकडे वळू. पानांच्या शिरा पिवळ्या पडून फळ फिकट व राठ होते, त्या रोगास आपल्याकडे कोणी हळद्या तर कोणी केवडा म्हणतात. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ साली झाली. पांढरी माशी तो पसरविते. दिल्लीहून आलेला ‘पुसा सावनी’ हा वाण आरंभी त्यास दाद देत नसे, पण पुढे तोही बळी पडू लागला. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील मराठवाडा कृषी विद्यापीठात (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) जांभळे व नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर रानभेंडीच्या एका जातीशी घडवून, त्या संततीचा पुन्हा पुन्हा पुसा सावनीशीच संकर केला. त्यातून निघालेल्या ‘परभणी क्रांती’चा वृत्तांत १९८६ साली प्रसिद्ध झाला आणि आपल्या गावाचे नाव देशभरच्या बियाण्याच्या पाकिटांवर गेले. ध्यानात घ्या, प्रतिकाराचा गुण मिळाला तो जातीबाहेरच्या आप्ताकडून.

परंतु कालांतराने क्रांतीच्या शेतातही हळद्या दिसू लागला. विषाणूची अक्षरमाला वाचता येऊ लागल्यावर एक एक गोष्ट उलगडत गेली. मदुराईच्या जॉइस जोस व आर. उषा यांनी २००३ साली दाखविले की एकटा विषाणू सौम्य लक्षणेच उत्पन्न करतो. त्याच्यासोबत निम्म्या आकाराचा एक उपग्रही तुकडा असला म्हणजे खरा रोग होतो. पुढे निरनिराळ्या प्रांतांतील मालांचे वृक्ष काढले, तेव्हा एक विषाणू म्हणून ज्यास ओळखीत होतो ते प्रत्यक्षात कित्येक विषाणूंचे गोत निघाले. या वर्गात ९१ टक्क्यांहून कमी अक्षरे जुळली तर जात निराळी धरतात. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की मालेच्या एका भागावरून काढलेला वृक्ष दुसऱ्या भागाच्या वृक्षाशी जुळेना. याचा अर्थ आपल्या मंडळींस चटकन कळेल: मध्ये दत्तक झाले आहे! एकाच झाडात दोन विषाणू शिरले असता एकाचा तुकडा दुसऱ्यात जातो आणि नवाच वंश उभा राहतो. म्हणून ‘केवडा-प्रतिबंधक’ एवढीच अक्षरे पाकिटावर वाचून वर्षानुवर्षे एकच बियाणे पेरणाऱ्याने सावध असावे. कोणत्या विषाणूस प्रतिबंधक, आणि तोच आपल्या शिवारात आहे काय, हे विचारावे.

दत्तकाची गोष्ट माणसांसही लागू आहे. हैदराबादच्या पेशीय व आण्विक जीवविज्ञान केंद्राने अमेरिकेतील शास्त्रज्ञांसह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेक भारतीय समाज दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणाने बनलेले आढळले. प्रमाण तेवढे निरनिराळे. मिश्रणानंतर दर पिढीस वारशाचे तुकडे आखूड होत जातात. त्यांची लांबी मोजून २०१३ साली असा हिशेब निघाला की हा संकर सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी घडला आणि मग दारे मिटली. तेव्हा शुद्ध वंशाचा अभिमान या शास्त्रापुढे टिकत नाही. टपालाने आलेली टक्केवारीही त्या कंपनीच्या संग्रहातील नमुन्यांशी केलेली तुलनाच होय. गोत्राचा मूळपुरुष तीत सापडत नाही.

दारे मिटल्याचा परिणाम मात्र आपल्या दाराशी आहे. २०१७ साली २६० हून अधिक दक्षिण आशियाई समाजांची पाहणी प्रसिद्ध झाली. व्यक्तीव्यक्तींत अक्षरशः एकसारखे असलेले लांब तुकडे यंत्राने मोजले, तेव्हा ८१ समाज असे निघाले की ज्यांचा उगम थोडक्या पूर्वजांपासून झाल्याच्या खुणा, फिनलंडचे लोक आणि युरोपातील अश्केनाझी यहुदी यांच्याहूनही ठळक आहेत. अशा समाजात एका पूर्वजाचा दडलेला दोष पुष्कळ घरांत पोहोचलेला असतो. तोच दोष नवराबायको दोघांतही असला तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. त्यात आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल. आतेमामेभावंडांच्या वारशाचा सरासरीने आठवा हिस्सा एकच असतो. पोटशाखांच्या भिंती ओलांडून सोयरीक करावी असा ठराव ज्ञातिसभांतून पूर्वी पुष्कळदा झाला. त्याला आता हिशेबाचाही आधार आहे.

आमची सूचना लहानशीच आहे. वधूवर सूचीत उंची, वर्ण, रास, नाडी सर्व छापले जाते. थॅलॅसेमियासारख्या विकाराचे वाहक ओळखणारी हिमोग्लोबिनची रक्ततपासणी मंडळाने संमेलनाच्या दिवशी मांडवातच ठेवावी, आणि तिचा निकाल सूचीत मुळीच छापू नये. वाहक हा रोगी नव्हे. पण छापलेला शब्द मुलीच्याच वाट्याला येतो, हे आपण सारे जाणतो. बंद लखोटा ज्याचा त्याच्या हाती द्यावा, आणि बोलणी होताना दोन्ही घरांनी तो पत्रिकेच्या आधी उघडावा.