मालवणचे नृत्याचार्य

भरतनाट्यम म्हटलं की डोळ्यांसमोर तमिळनाडू येतो. पण या नृत्यातला विसरलेला मराठी ठेवा रंगमंचावर आणणारा माणूस आपल्या मालवणचा: आचार्य पार्वतीकुमार, मूळचे महादेव कांबळी. जन्म १९२१चा.

तंजावरच्या सरफोजी राजांनी नृत्यासाठी मराठीत ‘निरूपणं’ रचली होती. एका निरूपणात कथा एक, राग एक, ताल एक. आणि त्यातच जयजय, अलारू, शब्द, वर्ण, तिल्लाना करत मंगळापर्यंत १८ रचना. राग न बदलता एवढा वेळ प्रेक्षक धरून ठेवायचा, म्हणजे नर्तिकेची परीक्षाच! कागदावर पडून राहिलेल्या या रचना आचार्यांनी बसवल्या, शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या नाचून दाखवल्या.

जवळपास आचार्यांच्याच वयाच्या नर्तकी ॲना हॅलप्रिन तिकडे अमेरिकेत ठरीव तंत्र मोडून उत्तराधुनिक नृत्याची वाट पाडत होत्या. १९७२मध्ये कर्करोग झाल्यावर त्यांनी आपल्या आजाराचं चित्र काढलं, ते नाचून पाहिलं आणि पुढे रुग्णांनाही नाचतं केलं. आचार्यांनी नियम मोडले नाहीत, हरवलेले शोधून काढले. धाडस मला दोन्हींत सारखंच दिसतं.

आचार्य २०१२मध्ये गेले. दशावतारावर जीव टाकणाऱ्या आपल्या जिल्ह्यात त्यांचं नाव फारसं कानावर येत नाही. नृत्य शिकणारं कुणी घरात असेल, तर त्यांना हे नाव जरूर सांगा.